कोळशाच्या गावाचे अजिंक्यपद

इतिहास म्हटला की राज्ये, लढाया आणि तह यांचीच चित्रे आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात. खेळाच्या इतिहासाला आपण फुरसतीच्या गप्पांत जागा देतो. तरीही या व्याख्यानमालेत एका खेळाच्या एका हंगामाची हकीकत सांगण्याचे मी ठरविले आहे, आणि त्याला कारण आहे. खेळात जय-पराजयाचा निकाल सर्वांच्या डोळ्यांदेखत लागतो. असा उघड्यावर लागलेला निकालही जेव्हा कागदावर बदलतो, तेव्हा नियम कशासाठी असतात, ते कोण करतो आणि कोणाला जाचतात, हे प्रश्न राज्यशास्त्राच्या ग्रंथापेक्षाही स्पष्टपणे आपल्यापुढे येतात. अमेरिकेतील पॉट्सव्हिल या लहानशा गावाच्या फुटबॉल संघाचा १९२५ सालचा हंगाम हे असेच एक उदाहरण आहे.

प्रथम या खेळाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. अमेरिकन लोक ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपल्या परिचयाचा फुटबॉल नव्हे. त्यांचा चेंडू लंबगोल असतो, तो हातात धरून पळता येतो, फेकता येतो आणि प्रसंगी लाथाडताही येतो. दोन्हींकडे अकरा-अकरा गडी असतात. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांनी चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे. न जमल्यास चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. प्रतिपक्षाच्या शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू नेला की त्याला टचडाऊन म्हणतात व त्याचे सहा गुण मिळतात. त्यानंतर चेंडू खांबांमधून मारला तर आणखी एक. मैदानातूनच चेंडू लाथेने आडव्या दांडीवरून पलीकडे घालविला तर तो फील्ड गोल, त्याचे तीन गुण. अंगाला अंग भिडवून, समोरच्याला अक्षरशः जमिनीवर लोळवून खेळायचा हा खेळ आहे. त्या काळी डोक्यावर चामड्याची टोपी असे, पण तीही घातलीच पाहिजे असा नियम नव्हता. तो १९४३ साली आला.

१९२५ साली या खेळाची प्रतिष्ठा विद्यापीठांत होती. विद्यापीठांचे सामने पाहायला पन्नास-पन्नास हजार माणसे लोटत. पैसे घेऊन खेळणाऱ्यांकडे मात्र सभ्य समाज जरा नाक मुरडूनच पाहत असे. या धंदेवाईक संघांची संघटना १९२० साली ओहायो राज्यातील कँटन या गावी, एका मोटारविक्रेत्याच्या दुकानात बसून स्थापन झाली. १९२२ साली तिने नॅशनल फुटबॉल लीग हे नाव घेतले. आज ही लीग जगातील अत्यंत श्रीमंत क्रीडासंस्थांपैकी एक आहे. त्या वेळी तिच्यात कँटन, ॲक्रन, हॅमंड, ग्रीन बे असल्या लहान गावांचा भरणा होता. १९२५ साली वीस संघ होते आणि प्रत्येक संघाला सोळाच खेळाडू ठेवता येत. कोणी कोणाशी, किती सामने खेळायचे हे संघांनी आपसांत ठरवायचे. अंतिम सामना असा नव्हताच. खेळलेल्या सामन्यांपैकी शेकडा किती जिंकले एवढे पाहायचे, बरोबरीचे सामने हिशेबातून वगळायचे, आणि ज्याचा आकडा मोठा त्याला अजिंक्य म्हणायचे. पुढे जो घोटाळा झाला त्याचे बीज या पद्धतीतच आहे.

आता पॉट्सव्हिलकडे वळू. पेनसिल्व्हेनिया राज्यात, फिलाडेल्फिया शहरापासून सुमारे शंभर मैलांवर, डोंगराळ मुलखात हे गाव आहे. १९२० च्या शिरगणतीत त्याची वस्ती २२,००० च्या आसपास होती. आसपासच्या डोंगरांच्या पोटात अँथ्रासाइट जातीचा कठीण, धूर न करणारा कोळसा आहे, आणि पूर्वेकडील मोठ्या शहरांतील घरे हिवाळ्यात याच कोळशाच्या उबेवर जगत. आयरिश, वेल्श, पोलिश, लिथुएनियन अशा नाना देशांची माणसे या खाणींत उतरत होती. खाणमालक व मजूर यांच्या झगड्याचा या मुलखाला जुना वारसा होता. मॉली मग्वायर नावाच्या गुप्त संघटनेचे म्हणून ठरविलेल्या सहा आयरिश माणसांना १८७७ सालच्या जून महिन्यात याच गावच्या तुरुंगात एकाच दिवशी फाशी देण्यात आले होते. तो न्याय होता की सूड, हा वाद तिथे पिढ्यान् पिढ्या चालला. न्यायनिवाड्याकडे संशयाने पाहण्याची सवय या गावाला फुटबॉलने लावलेली नाही, हे ध्यानात ठेवावे.

१९२५ च्या सप्टेंबरची पहिली तारीख उजाडली आणि अँथ्रासाइटच्या सर्व खाणी बंद पडल्या. सुमारे दीड लाख मजूर संपावर गेले. हा संप १९२६ च्या फेब्रुवारीपर्यंत, म्हणजे जवळजवळ साडेपाच महिने चालला. ज्या हंगामाची मी गोष्ट सांगणार आहे तो पहिल्या सामन्यापासून शेवटच्या सामन्यापर्यंत या संपाच्या आत घडलेला आहे. घरोघरी कमाई थांबलेली, हिवाळा तोंडावर आलेला, आणि रविवारी गावाला अभिमानाने पाहण्यासारखी एकच वस्तू, तिथला फुटबॉल संघ.

या संघाचे मालक डॉक्टर जॉन स्ट्रीगल हे गावातले शस्त्रवैद्य. संघाचे नाव मरून्स. सदऱ्यांचा रंग कोणताही चालेल असे सांगितल्यावर खेळसामानाच्या दुकानदाराने किरमिजी रंगाचे सदरे मागविले आणि त्यावरून हे नाव पडले, अशी आख्यायिका गावात सांगतात. १९२४ साली हा संघ खाणमुलखातल्या स्थानिक लीगमध्ये खेळला, आणि १९२५ साली नॅशनल लीगमध्ये दाखल झाला. स्ट्रीगल यांनी डिक राऊश हा जाणता शिक्षक नेमला. इतर संघांचे बरेचसे खेळाडू आठवडाभर आपापल्या गावी नोकरीधंदा करीत व सामन्याच्या दिवशी गाडीने येऊन उतरत. मरून्सचे खेळाडू मात्र पॉट्सव्हिलमध्येच राहत आणि नेमाने एकत्र सराव करीत. कर्णधार चार्ली बेरी हा विद्यापीठातून आलेला, बेसबॉलमध्येही नाव मिळविलेला खेळाडू. त्याच्या शेजारी खेळणारा टोनी लॅटोन मात्र कोणत्याच विद्यापीठाची पायरी चढलेला नव्हता. हा लिथुएनियन मजुराचा मुलगा. बाप वारल्यावर कोवळ्या वयातच शाळा सोडून खाणीत गेला. समोरच्या फळीवर तो असा तुटून पडे की त्याला लोक तोफेची उपमा देत. गावाने त्याला आपला मानला यात नवल नाही.

मैदान मात्र यथातथाच होते. शेजारच्या मायनर्सव्हिल गावच्या शाळेचा संघ जिथे खेळे, तिथेच हे नॅशनल लीगचे सामने होत. पण या मैदानाला एक मोठा लाभ होता. पेनसिल्व्हेनियात रविवारी खेळ, तमाशे करण्यास बंदी घालणारा १७९४ सालचा कायदा अजून अंमलात होता. फिलाडेल्फियात तो कसोशीने पाळला जाई, म्हणून तेथील फ्रँकफर्ड यलो जॅकेट्स हा संघ आपले सामने शनिवारी खेळे. पॉट्सव्हिलमध्ये त्या कायद्याकडे सरळ काणाडोळा होत असे. त्यामुळे पश्चिमेकडून येणारे संघ शनिवारी फ्रँकफर्डशी आणि रविवारी पॉट्सव्हिलशी खेळून एका प्रवासखर्चात दोन सामने उरकीत. निःपक्षपाताने सांगायचे तर यात मरून्सचा आणखी एक फायदा होता: समोर येणारा संघ कित्येकदा आदल्याच दिवशी खरचटून, थकून आलेला असे.

२७ सप्टेंबरला बफेलोवर २८-० असा विजय मिळवून हंगामाचा आरंभ झाला. पुढच्याच रविवारी प्रॉव्हिडन्सने ६-० असे हरविले. मग मात्र मरून्सचा वेग वाढला. कँटनवर २८-०, त्याच प्रॉव्हिडन्सवर ३४-०, कोलंबसवर २०-०, ॲक्रनवर २१-०. १४ नोव्हेंबरला फ्रँकफर्डकडून २०-० अशी हार खावी लागली. पण त्यानंतर रॉचेस्टर आणि क्लीव्हलंड हरले, २६ नोव्हेंबरला ग्रीन बेचा ३१-० असा फडशा पडला, आणि तीनच दिवसांनी फ्रँकफर्डचा हिशेब ४९-० असा चुकता झाला. दोन आठवड्यांपूर्वी वीस गुणांनी जिंकलेला संघ एकोणपन्नास गुणांनी हरला, यावरून त्या दिवशी मायनर्सव्हिलच्या मैदानावर काय झाले असेल याची कल्पना करावी.

६ डिसेंबरला मरून्स शिकागोला गेले. तिथे कार्डिनल्स हा संघ सर्वांच्या पुढे होता. गोठलेल्या मैदानावर पॉट्सव्हिलने हा सामना २१-७ असा जिंकला. बार्नी वेंट्झ आणि वॉल्टर फ्रेंच यांनी टचडाऊन केले, बेरीने प्रत्येक वेळी जादा गुण मिळविला. त्याच दिवशी न्यूयॉर्कमध्ये रेड ग्रेंज या विद्यापीठातून नुकत्याच आलेल्या विख्यात खेळाडूला पाहण्यासाठी सत्तर हजारांच्या आसपास लोक जमले होते. म्हणजे ज्या रविवारी धंदेवाईक फुटबॉलला मोठ्या शहराचा आश्रय लाभला, त्याच रविवारी एक खाणीचे गाव त्या खेळाचे अग्रस्थान मिळवीत होते. पॉट्सव्हिलचे आता १० विजय व २ पराभव झाले होते, म्हणजे शेकडा ८३.३. कार्डिनल्सचे ९ विजय, २ पराभव व एक बरोबरी, म्हणजे शेकडा ८१.८. वर्तमानपत्रांनी पॉट्सव्हिलला अजिंक्य म्हणून टाकले. गावकऱ्यांनीही तेच मानले.

परंतु लीगच्या नियमाप्रमाणे हंगाम २० डिसेंबरपर्यंत लांबविता येत होता. कार्डिनल्सचे मालक ख्रिस ओब्रायन यांनी घाईघाईने दोन सामने ठरविले. ग्रेंज ज्या संघात होता त्या शिकागो बेअर्सशी आणखी एक सामना मिळावा व त्यातून चार पैसे गाठीस पडावेत, अशी त्यांची मनीषा होती. त्यासाठी आपला संघ अग्रभागी दिसणे त्यांना इष्ट होते. १० डिसेंबरला मिल्वॉकीशी सामना झाला. मिल्वॉकीचा संघ हंगाम संपवून केव्हाच पांगला होता. गडी अपुरे पडले, तेव्हा कार्डिनल्सच्याच आर्ट फोल्झ या खेळाडूने शिकागोतील एका शाळेतली चार मुले आणून मिल्वॉकीकडून उभी केली. कार्डिनल्स ५९-० असे जिंकले. १२ डिसेंबरला हॅमंडवर १३-० असा विजय मिळाला. आता त्यांचे ११ विजय व २ पराभव झाले, शेकडा ८४.६.

त्याच १२ डिसेंबरला पॉट्सव्हिलचा संघ फिलाडेल्फियात शाइब पार्क मैदानावर लीगबाहेरचा एक सामना खेळत होता. प्रतिस्पर्धी होते नोत्र दाम विद्यापीठाचे माजी खेळाडू, ज्यांच्यातील चौघांना साऱ्या देशाने ‘चार घोडेस्वार’ ही पदवी दिली होती. धंदेवाईक संघ विद्यापीठाच्या वीरांपुढे टिकतील असे फारच थोड्यांना वाटत होते. प्रथम नोत्र दामने ७-० अशी आघाडी घेतली. मरून्सने टचडाऊन करून अंतर एका गुणावर आणले, पण बेरीचा जादा गुण हुकला. सामना संपत आला असताना त्याच बेरीने तीस यार्डांच्या सुमारास फील्ड गोल मारला आणि ९-७ असा निकाल लागला. पैसे घेऊन खेळणारे विद्यापीठवाल्यांच्या तोडीचे आहेत, हे यानंतर नाकारणे कठीण झाले. लीगची याहून मोठी सेवा त्या वर्षी मैदानावर दुसऱ्या कोणी केली असेल असे वाटत नाही.

आणि याच सामन्याबद्दल लीगने पॉट्सव्हिलला निलंबित केले.

कारण असे. लीगच्या नियमाने प्रत्येक संघाला आपल्या क्षेत्रात संरक्षण होते. दुसऱ्या संघाने त्याच्या संमतीवाचून तिथे खेळायचे नाही. फिलाडेल्फिया हे फ्रँकफर्डचे क्षेत्र, आणि त्या दिवशी फ्रँकफर्डचा स्वतःचा सामना घरच्या मैदानावर होता. त्यांनी तक्रार केली. लीगचे अध्यक्ष जो कार यांनी स्ट्रीगल यांना आधीच ताकीद दिली होती की हा सामना खेळू नका. लीगच्या कार्यालयातून आपणांस दूरध्वनीवर परवानगी मिळाली होती, असे स्ट्रीगल यांचे म्हणणे. ते कार यांनी मानले नाही. पॉट्सव्हिलला ५०० डॉलर दंड झाला, सभासदत्व गेले, आणि त्याबरोबर अजिंक्यपदावरचा हक्कही गेला.

येथे दोन्ही बाजू नीट तोलल्या पाहिजेत. जो कार हे जुलमी गृहस्थ नव्हते. त्यांच्या हाती जी संघटना होती तिच्यात दर वर्षी संघ जन्मत होते आणि मरत होते. क्षेत्राचे संरक्षण नसेल तर कोणीही भांडवल गुंतविणार नाही, आणि ताकीद देऊनही ती मोडणाऱ्याला सोडले तर उद्या कोणीच ती मानणार नाही, हा त्यांचा विचार चुकीचा म्हणता येत नाही. पुढच्या काळात लीग जी उभी राहिली ती याच शिस्तीवर. स्ट्रीगल यांनी नियम मोडला, हेही खरेच. परंतु गुन्हा एका जातीचा आणि शिक्षा दुसऱ्या जातीची झाली. क्षेत्राचा भंग हा धंद्यातला अपराध होता. त्याला धंद्यातला दंड योग्य होता. लीगचे बारा सामने मरून्सनी क्षेत्रभंग न करता खेळले होते, आणि अजिंक्यपद ठरत होते ते त्या बारा सामन्यांवर.

याच महिन्यातील दुसऱ्या प्रकरणाशी तुलना केली म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. शाळकरी मुलांचे प्रकरण उघडकीस आल्यावर कार यांनी फोल्झला जन्मभर बंदी केली, मिल्वॉकीच्या मालकाला ५०० डॉलर दंड करून संघ विकून टाकण्यास फर्मावले, आणि ओब्रायन यांनाही १,००० डॉलर दंड ठोठावला. बंदी व ओब्रायन यांचा दंड पुढे उठले. पण तो सामना मात्र नोंदवहीतून पुसला गेला नाही! तो पुसला असता तर कार्डिनल्सचे १० विजय व २ पराभव राहतात. म्हणजे शेकडा ८३.३, पॉट्सव्हिलच्या बरोबर. मग कोण कोणाला हरविले एवढेच पाहायचे उरते, आणि ते ६ डिसेंबरला गोठलेल्या मैदानावर सर्वांनी पाहिले होते. शाळेच्या मुलांवर मिळविलेला विजय नोंदीत राहिला, आणि नोत्र दामवर मिळविलेल्या विजयाने अपात्रता आली. हे ज्याला खटकत नाही त्याला आकडे कळत असतील, खेळ कळत नाही.

ज्याचा यात सर्वाधिक लाभ होता त्या ओब्रायन यांनी मात्र अजिंक्यपद स्वीकारण्यास नकार दिला. आपल्याला मैदानावर हरविणाऱ्या संघाचा मान आपण घ्यावा, हे त्यांना पटले नाही. १९२६ च्या फेब्रुवारीत लीगची सभा भरली तेव्हा १९२५ चे अजिंक्यपद कोणालाच देण्यात आले नाही. ओब्रायन हे पैशाच्या ओढीने ते दोन सामने ठरविणारे गृहस्थ. पण मानाच्या वेळी त्यांनी मनाचा मोठेपणा दाखविला. इतिहासात माणसे अशी मिश्रच भेटतात.

त्याच फेब्रुवारीत खाणींचा संपही मिटला. पण लांबलेल्या संपात अनेक घरांनी तेलाकडे आणि कोककडे वळण्याचा मार्ग शोधला होता. १९१७ साली सुमारे १० कोटी टनांवर पोचलेला अँथ्रासाइटचा धंदा पुन्हा त्या उंचीवर गेला नाही. मरून्सना लीगने १९२६ साली परत घेतले; ग्रेंजच्या नव्या, प्रतिस्पर्धी लीगला जाऊन मिळतील ही धास्ती त्यामागे होती. तीन हंगाम खेळून १९२९ साली संघ बॉस्टनला गेला आणि त्याच वर्षी संपला. लहान गावे एकामागून एक गळत गेली. त्या पिढीतील ग्रीन बे तेवढे आजवर टिकले आहे.

पुढे १९३३ साली चार्ल्स बिडविल यांनी कार्डिनल्स विकत घेतला आणि पूर्वीच्या मालकाने नाकारलेल्या अजिंक्यपदावर हक्क सांगितला. लीगच्या यादीत कार्डिनल्सचे नाव लागले, ते आजही आहे. पॉट्सव्हिलचे लोक गप्प बसले नाहीत. सदरे मागविणारा तो दुकानदार जो झॅको आयुष्यभर या न्यायासाठी झगडला. १९६३ साली लीगने प्रकरण पुन्हा तपासले आणि १२ विरुद्ध २ मतांनी अर्ज फेटाळला. म्हाताऱ्या झालेल्या खेळाडूंनी मग अँथ्रासाइट कोळशातून आपले विजयचिन्ह स्वतःच कोरवून घेतले. ते कँटनच्या फुटबॉल संग्रहालयात ठेवलेले आहे. २००३ साली राज्याच्या गव्हर्नरांनीही भीड घातली. निकाल ३० विरुद्ध २. ती दोन मते फिलाडेल्फिया आणि पिट्सबर्ग या पेनसिल्व्हेनियाच्याच संघांची होती. मौज अशी की हे दोन्ही संघ १९३३ साली, रविवारबंदीचा कायदा सैल होण्याच्या सुमारास जन्मले. आणि ज्या क्षेत्राच्या भंगासाठी पॉट्सव्हिलला शिक्षा झाली त्याच फिलाडेल्फियाचा आजचा धनी त्याच्या बाजूने उभा राहिला.

चार्ली बेरी पुढे बेसबॉलचा नामांकित पंच झाला. एका निवाड्याने ज्याचे अजिंक्यपद गेले, त्याने उरलेले आयुष्य निवाडे देण्यात घालविले. टोनी लॅटोनचे नाव त्या मुलखाबाहेर आता फारसे कोणी घेत नाही. पॉट्सव्हिलची वस्ती १३,००० च्या आसपास उरली आहे.

मग या साऱ्यातून घ्यायचे काय? नियम नसावेत असे कोणी म्हणणार नाही. नियमांवाचून ना खेळ चालतो ना समाज. पण नियम मोडणाऱ्याला शिक्षा करणे आणि घडलेली गोष्ट घडलीच नाही असे लिहिणे, या दोन गोष्टी निराळ्या आहेत. पहिली करण्याचा अधिकार संस्थेला असतो. दुसरी करण्याचा अधिकार कोणालाच नाही, कारण ६ डिसेंबर १९२५ रोजी शिकागोच्या मैदानावर २१ मोठे होते आणि ७ लहान. तीस मतांनी हे आकडे बदलत नाहीत. पॉट्सव्हिलच्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या मागितले ते एवढेच, की जे झाले ते तसे लिहावे. इतिहास लिहिणाराकडे आपण सर्वांनीही याहून अधिक काही मागू नये, आणि याहून कमी काही पत्करू नये.